वाचनालयाची पुस्तकं रद्दीत घालण्याआधी



आजवर इथे मी बँकेतल्या आठवणी लिहीत आलो. आज जरा भांडायला आलोय. वयानं परवानगी दिलेली आहे, तेव्हा ऐकून घ्या.

गेल्या महिन्यात आमच्या गावच्या मराठी वाचनालयाच्या कार्यकारिणीची बैठक झाली. गाव बीदर जिल्ह्यातलं, हद्दीपलीकडे लगेच लातूर जिल्हा. गावाचं नाव मुद्दामच लिहीत नाही, कारण विषय एकट्या आमच्या गावाचा नाही. मी वाचनालयाचा खजिनदार (बँकेतून रिटायर झालेल्याला दुसरं पद कोण देतो?). बैठकीपुढे विषय असा, की जुनी पुस्तकं रद्दीत काढावीत, कपाटं विकावीत, चार टॅब घ्यावेत आणि रस्त्याकडची खोली भाड्यानं द्यावी.

विषय मांडणारा मुलगा चांगला आहे, इंजिनिअर आहे, वर्गणी वेळेवर देतो. म्हणाला, "काका, आता सगळं मोबाईलवर आहे. ही धूळ कोण झाडणार? मागच्या सहा महिन्यांत देवघेवीच्या वहीत किती नोंदी आहेत, तुम्हीच बघा."

मी वही उघडली. नोंदी सांगण्यासारख्या नव्हत्याच. पण त्याहून वाईट म्हणजे माझ्या स्वतःच्या नावावरची शेवटची नोंद तीन वर्षांपूर्वीची निघाली. वाचनालय वाचवा म्हणून भाषण ठोकायचं तर आधी हे कबूल करायला हवं. डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून मी मोबाईलवरच वाचतो. अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं, मान दुखत नाही, रात्री दिवा लावावा लागत नाही. आमची सौ. तर तांदूळ निवडता निवडता कानात यंत्र घालून कादंबऱ्या ऐकते. तेव्हा मी काही मोबाईलचा वैरी नाही. उलट आपल्या सीमाभागातल्या माणसानं या यंत्राचे आभारच मानले पाहिजेत. का, ते पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना समजायचं नाही.

माझे वडील उर्दू माध्यमात शिकले. निजामाचं राज्य. कचेरीची भाषा उर्दू, शाळेची उर्दू, घरात मराठी, बाजारात कानडी आणि मराठी दोन्ही. सभा घ्यायची तर सरकारची परवानगी लागे. 'गश्ती निशान ५३' हे त्या हुकुमाचं नाव आमच्या घरात थोरले असं उच्चारत, जसं आपण एखाद्या तापाचं नाव घेतो. १९४८ चा सप्टेंबर आला, पोलीस अ‍ॅक्शन झाली, आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांत वडील आणि त्यांच्या दोस्तांनी एका माडीवर हे वाचनालय काढलं. पहिल्या वर्गणीच्या वहीत आकडे हाली शिक्क्यात आहेत. ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी सांगतो : सात हाली म्हणजे सहा कलदार. मी ती वही पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा आधी बेरजाच तपासल्या. बरोबर होत्या.

मग १९५६ आलं. तोवर उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके आमच्याच बीदर जिल्ह्यात होते. १ नोव्हेंबरला ते मुंबई राज्यात गेले आणि आम्ही म्हैसूर राज्यात राहिलो. मामा तिकडे, काका इकडे, असं कित्येक घरांचं झालं. त्याबद्दल इथे पुष्कळांनी लिहिलंय, मी पुन्हा लिहीत नाही. पुस्तकांचं काय झालं, तेवढंच सांगतो. महाराष्ट्रानं १९६७ साली ग्रंथालयांचा कायदा केला. त्यात गावोगावच्या वाचनालयांना अ, ब, क, ड वर्ग लावून सरकारी अनुदान मिळू लागलं. आमच्याकडचा कायदा १९६५ चा, निराळ्या घडणीचा : सरकारनं स्वतःची वाचनालयं चालवायची आणि त्यासाठी घरपट्टीवर उपकर घ्यायचा. दोन्ही कायदे आपापल्या जागी बरे. पण उदगीरच्या मराठी वाचनालयाला अनुदान आणि कमलनगरच्या अलीकडे तसल्याच वाचनालयाला सभासदांची वर्गणी, असा हिशेब झाला. रेल्वे तीच, वाचणारे तेच.

त्यामुळे आमच्याकडे मराठी पुस्तक यायचं ते व्हीपीनं, नाहीतर लग्नाला गेलेल्या माणसाच्या पिशवीतून. मराठी वर्तमानपत्र यायचं ते दुपारच्या गाडीनं. अनंत भालेरावांचा 'मराठवाडा' आम्ही बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी वाचला आणि ताजा म्हणून वाचला. बँकेत लागल्यावर माझी एक बदली गुलबर्ग्याला झाली (आताचं कलबुर्गी). तिथे सोलापूरकडून पेपर येत, म्हणून मला ते शहर पुढारलेलं वाटायचं! आळंदचे एक वृद्ध खातेदार पेन्शनसाठी यायचे आणि माझ्या टेबलावरचा 'संचार' वाचून झाल्यावरच काउंटरकडे वळायचे. दिवाळी अंक आमच्या वाचनालयात थेट तुळशीच्या लग्नानंतर पोचत आणि संक्रांतीपर्यंत त्यांची पाळी लागत नसे.

आता हे सगळं आठवून बघा आणि आज काय आहे ते बघा. पहाटे पाच वाजता पुण्याचा पेपर माझ्या हातात. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली आला. आम्ही पैसे जमतील तसे खंड घेत गेलो आणि विसांपैकी सात-आठांवर थांबलो. आज ते विसाच्या वीस खंड नातीच्या मोबाईलवर फुकट आहेत. दाते-कर्व्यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' पाहायला मी तरुणपणी सुट्टी टाकून हैदराबादला गेलो होतो. तो आता शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आहे. म्हणजे मराठी शब्दाचा अर्थ अमेरिकेहून बीदर जिल्ह्यात येतो आणि तोही क्षणात. 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक बालभारतीनं खुले केलेत. माझ्या मुलाला जे अंक मिळाले नाहीत ते त्याच्या मुलीनं वाचले. कागदाची वाट बघण्यात आमच्या दोन पिढ्यांची उमर गेली, तेव्हा इलेक्ट्रॉनिक पुस्तकानं आमचं नुकसान केलं असं मी तरी म्हणणार नाही.

मग भांडण कशाचं? भांडण त्या 'सगळं' या शब्दाशी आहे.

बैठकीत मी आठ दिवसांची मुदत मागून घेतली. नात सुट्टीवर आली होती. तिला म्हटलं, चल, एक कपाट तपासू. मी फळीवरून पुस्तक काढायचं, दाखल नंबर आणि नाव वाचायचं, तिनं मोबाईलवर शोधायचं. सुरुवात तर अशी झाली की मला वाटलं, तो इंजिनिअर मुलगाच खरा. 'श्यामची आई'? "आहे आबा." हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या? "आहेत." ज्ञानेश्वरी, तुकारामांची गाथा? "किती पाहिजेत?" खांडेकरांची 'ययाति' तर तिला लगेच कुणीतरी पाठवलेल्या पीडीएफमध्ये दिसली.

इथे थोडं आडवळणाला जातो. साने गुरुजी १९५० साली गेले. आपल्या कायद्यानं लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, म्हणजे त्यांची पुस्तकं २०११ पासून सर्वांना मोकळी झाली. खांडेकर गेले १९७६ साली. त्यांच्या पुस्तकांचा हक्क २०३६ अखेरपर्यंत आहे. तोवर फिरणारी ती पीडीएफ चोरीची. आपल्या चांगल्या चांगल्या घरांतली माणसं, ज्यांनी आयुष्यात बसचं तिकीट चुकवलं नाही, ती जिवंत लेखकांची अख्खी पुस्तकं 'शुभ सकाळ' म्हणून पुढे ढकलत असतात. मराठी पुस्तकाची आवृत्ती ती केवढी, हजार-अकराशे प्रतींची. त्यातल्या बऱ्याच वाचनालयांत जातात. आपण एकीकडे वाचनालय बंद करायचं आणि दुसरीकडे पीडीएफ फिरवायची, मग लेखकानं काय करायचं? असो. रागवू नका, पण पाठवू पण नका.

तर कपाट. पहिल्या तीन फळ्या नातीनं पटापट निकालात काढल्या. चौथ्या फळीपासून तिचं "आहे" थांबलं.

चौथ्या फळीवर आमच्याकडचं होतं. आजूबाजूच्या एका शाळेची रौप्यमहोत्सवी स्मरणिका. एका भजनी मंडळानं छापलेला पदांचा संग्रह, त्यात मराठी पदं आणि देवनागरीत लिहिलेली कानडी वचनं एकाच पुस्तकात. भूमिगत राहिलेल्या एका मास्तरांनी हैदराबाद मुक्तिलढ्याच्या आठवणी स्वखर्चानं छापल्या होत्या. चौसष्ट पानं, टाचण्या गंजलेल्या, किंमत दीड रुपया. सातवं-आठवं पान कुणीतरी फाडून नेलंय. नातीनं चार तऱ्हांनी शोधलं. "आबा, हे नाहीये. हे नाव लिहिलं की दुसरंच काहीतरी येतंय."

त्या मास्तरांच्या घरी फोन लावला. नातू पुण्यात असतो. त्यानं विचारलं, "काका, ते पुस्तक खरंच होतं? बाबा सांगायचे, पण आमच्याकडे प्रत नाही. ऑनलाइन आहे का कुठे?"

मंडळी, 'सगळं मोबाईलवर आहे' हे पुण्याच्या पुस्तकांबद्दल बरंचसं खरं आहे. खांडेकर, पु.ल., विश्वकोश यांना काही होत नाही. त्यांच्या प्रती शंभर ठिकाणी आहेत, छापील आणि इलेक्ट्रॉनिकही. आमच्याकडच्या माणसांनी आमच्याबद्दल जे लिहिलं, ते मात्र कुणी स्कॅन केलेलं नाही. ते फक्त अशा धुळीच्या कपाटांत आहे, आणि नेमकं तेच आपण किलोवर विकायला निघालोय. टॅब आले तरी त्या टॅबवर ही चौथी फळी उघडणार नाही.

आणखी एक गोष्ट त्या कपाटात सापडली. सुरुवातीच्या पुस्तकांवर वाचनालयाचा गोल शिक्का आहे, त्यात 'हैदराबाद राज्य' असं आहे. पुढच्या पुस्तकांवर 'म्हैसूर राज्य'. १९७३ नंतरच्यांवर 'कर्नाटक'. काही पुस्तकं पुन्हा बांधून घेतली तेव्हा त्यांच्यावर दुसरा शिक्का मारला गेला, त्यामुळे एकाच पुस्तकावर दोन-दोन राज्यं. कपाट तिथेच, माडी तीच. शिकागोच्या किंवा मुंबईच्या प्रतीचा फोटो पाहून हे कुठून कळणार?

आता बँकवाल्याच्या डोक्यानं एक सांगतो. छापील पुस्तक वाचनालयानं घेतलं की ते दाखल रजिस्टरला चढतं, ती संस्थेची मालमत्ता. हजार जणांना द्या, पन्नास वर्षं ठेवा, कुणी विचारणार नाही. कंपनीकडून घेतलेलं ई-पुस्तक म्हणजे बँकेचा लॉकर. चावी तुमच्याकडे, खोली त्यांची. २००९ साली अमेरिकेत अ‍ॅमेझॉननं जॉर्ज ऑर्वेल यांची दोन पुस्तकं लोकांच्या किंडलमधून रातोरात काढून घेतली. विकणाऱ्याकडे हक्कच नव्हते, असं नंतर सांगितलं, पैसेही परत दिले. त्यांतलं एक पुस्तक '१९८४' होतं, सरकारी पाळतीवरचं, म्हणजे बघा! गेल्या वर्षी घेतलेलं पुस्तक उद्या सकाळी असेल का, हे वाचनालयाच्या खजिनदाराला सांगता येत नसेल, तर ताळेबंदात ते कुठे लिहायचं?

आणि आपल्या स्वतःच्या फायलींचं काय? १९९७ साली आम्ही हौसेनं वाचनालयाची पूर्ण यादी कॉम्प्युटरवर करून घेतली होती. डीटीपीवाल्याकडे बसून, श्रीलिपीत. फ्लॉपी माझ्या कपाटात अजून आहे. ती घालायला यंत्र नाही. एकाकडे सापडलं, फाईल उघडली, तर अक्षरांच्या जागी इंग्रजी चिन्हांची रांगोळी. तो फाँट आता कुणाकडे नाही आणि युनिकोड तेव्हा आमच्या गावी पोचला नव्हता. वडिलांच्या काळची शाईनं लिहिलेली दाखल वही मात्र अजून वाचता येते. वाळवीनं कोपरा खाल्लाय, आकडे शाबूत आहेत.

आमच्या बँकेत कॉम्प्युटर आले तेव्हाही अशीच घाई झाली होती. पण एक नियम पाळला. कित्येक महिने हातानं लिहायचं लेजर आणि कॉम्प्युटर दोन्ही शेजारी शेजारी चालवले. रोज संध्याकाळी ताळा घ्यायचा. जुळलं तरच घरी जायचं. (सौ. ला विचारा त्या दिवसांबद्दल.) त्यानंतरही जुनी लेजरं ठरलेली वर्षं जपली, आणि नष्ट करताना यादी करून अधिकाऱ्याच्या सहीनं केली. जुनं टाकायला माझा विरोध नाही. यादीशिवाय, सहीशिवाय टाकायला आहे.

म्हणून पुढच्या बैठकीत मी म्हटलं, टॅब घ्या, मी स्वतः एकाचे पैसे देतो. पण आधी एकेक पुस्तक तपासायचं. दुसरीकडे मिळतं आणि इथली प्रत फाटली आहे, ते खुशाल रद्दीत जाऊ द्या, मी सही करतो. जे कुठेच मिळत नाही त्याचे फोटो काढायचे, नाव युनिकोडमध्ये टाकायचं, फाईल तीन निरनिराळ्या ठिकाणी ठेवायची, आणि मूळ प्रत तरीही ठेवायची. मास्तरांच्या पुस्तकासाठी त्यांच्या नातवाची परवानगी घेतली. तो आनंदानं "हो" म्हणाला आणि वर बांधणीचे पैसेही पाठवले.

आणखी एक मुद्दा मांडला, तो काहींना पटला नाही. आपण सगळे घरपट्टी भरतो. तिच्या पावतीवर ग्रंथालय उपकराची ओळ असते, सहा टक्के. २०२० पासून कर्नाटकच्या ग्रंथालय खात्याचं डिजिटल वाचनालयही सुरू आहे, खेड्यांतल्या ग्रामपंचायतींची वाचनालयं सुधारताहेत, चांगली कामं आहेत ही. मग तालुक्याच्या सरकारी वाचनालयात आणि त्या डिजिटल वाचनालयात मराठी पुस्तकं वाढवा, असा अर्ज आपण का करत नाही? भांडण नको, कोर्ट नको, साधा अर्ज. कानडीत लिहू. मला येते, पस्तीस वर्षं कर्जाचे अर्ज भरून घेतलेत. एक जण म्हणाले, "साहेब, कोण ऐकणार?" मी म्हटलं, उपकर घेताना ऐकतात की!

बीदरला पाहुणे आले की आपण त्यांना महमूद गवानचा मदरसा दाखवतो. १४७२ चा. तिथे तीन हजार हस्तलिखितं होती असं सांगतात. औरंगजेबाच्या काळात दारूच्या स्फोटानं इमारतीचा एक भाग उडाला. निळ्या फरशीचा उरलेला मिनार बघून पाहुणे फोटो काढतात. माझ्या नातीनं मागच्या खेपेला तिथे विचारलं होतं, "आबा, आणि पुस्तकं?" मी तिला काही सांगू शकलो नाही. या वेळी कपाट तपासायला ती स्वतःहून दोन दिवस जास्त राहिली.

सध्याची स्थिती अशी. रद्दीवाला टेम्पो घेऊन आला होता, त्याला चहा पाजून परत पाठवला. रस्त्याकडची खोली भाड्यानं जाणार, ते मी थांबवू शकलो नाही आणि खरं तर हिशेबानं ते बरोबरच आहे. एक कपाट तपासून झालंय, पाच बाकी आहेत. दर रविवारी सकाळी दहा ते बारा बसतो. इंजिनिअर मुलगा पहिल्या रविवारी आला नाही, दुसऱ्या रविवारी स्कॅन करायचं अ‍ॅप मोबाईलवर घालून आला.

बीदर, भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद या बाजूच्या कुणाच्या माळ्यावर जुनी मराठी स्मरणिका, शाळेचं हस्तलिखित, स्वखर्चानं छापलेलं पुस्तक, मंडळाचा अहवाल असेल तर कृपया खाली कळवा. विशेषतः मास्तरांच्या त्या चौसष्ट पानांची दुसरी प्रत कुणाकडे असेल तर फार उपकार होतील. फक्त पान सात आणि आठ हवंय.